चाचांच्या डोळ्याचं माप

रशीदचाचा हकीम रोग्याला तपासताना एक हात त्याच्या डोळ्यावर ठेवायचे आणि दुसरा स्वतःच्या. दोघांच्याही पापण्या मिटलेल्या. "माझ्यावानी लागला तर बराबर. माझ्याहून कडक लागला तर काचबिंदू. हैदराबादेला पळ!" जवळा गावच्या आठवडी बाजारात ते माझ्या शेजारी बसत. मी लिंबं विकायचो. रोगी नसला की चाचांचे हात शिवशिवत आणि ते माझी लिंबं दाबत बसत. मी ओरडायचो, "चाचा, ती काय आजारी हायेत व्हय?"

एका हिवाळ्यात त्यांनी कहरच केला. ज्याला त्याला सांगत सुटले, "डोळा नरम झाला. दूधतूप खा." पिंजारी नरम, पाटील नरम, पाटलाची सासूही नरम. अशाच एका बाजारी दिवसात तिसऱ्यांदा त्यांचा पाय माझ्या टोपलीत पडला. वर मलाच म्हणतात, "टोपली काहून सरकवून राहिला रे?"

माझं डोकंच फिरलं. "टोपली जाग्यावरच हाये! तुमालाच बाजूचं दिसून न्हाई राहिलं. आन् सगळा बाजार एकदम नरम कसा झाला? तुमचाच डोळा कडक झाला असंल!"

चाचा हसले. मग थांबले. त्यांनी माझा डोळा दाबला, पिंजाऱ्याचा दाबला, पाटलाच्या सासूचा पुन्हा दाबला. ती म्हणाली, "मेल्या, पुरे की!" आमच्या तिघांचे डोळे सारखेच होते. शेवटी त्यांनी स्वतःचा दाबला.

"या अल्ला, मापच बिघडलं! मग ज्याइले बराबर म्हणून घरी धाडलं, त्याइचं काय?"

त्या सगळ्यांना बोलावून त्यांनी माझ्या डोळ्याशी ताडून पाहिलं. दोघं कडक निघाले. त्यांना घेऊनच चाचा हैदराबादेला गेले. त्या दोघांची नजर टिकली. चाचांचा मात्र एक डोळा गेला, दुसरा शस्त्रक्रियेनं वाचला.

परत आल्यावर म्हणाले, "डॉक्टर म्हने, डोळ्याच्या पडद्यात नसाइले धरून ठेवनाऱ्या बारक्या पेशी असतात. टेकूच म्हन. दाब वाढला की टेकूच बिथरतात. अन् आता माझा टेकू तू. बस इथं, डोळा मिट."

पुढं कितीतरी वर्षं दर बाजारी मी त्यांचं माप झालो. लिंबं राहिली बाजूला, पण मला त्याचा केवढा अभिमान!

चाचा गेले त्यानंतरच्या बाजारी एक गिऱ्हाईक लिंबू दाबत बसलं. मी ओरडलो नाही. हळूच माझा डोळा दाबून पाहिला. बोटं ओली झाली, पण माप बराबर होतं.