फुटका भोंगा

माझा दादा ऑर्गन वाजवायचा, म्हणून मला बोईसर-पालघरकडचे गाण्याचे कार्यक्रम बघायला मिळाले. एरवी पामसारख्या गावातल्या मुलीला गाणी ऐकायला सफाळ्यापर्यंत कोण पाठवणार होतं? दादा गाण्याच्या पार्टीचा प्रमुख, त्यामुळे आई काही बोलायची नाही. मी आणि माझी मामेबहीण वाद्यांच्या टेम्पोत बसून जायचो आणि बायकांच्या बाजूला अगदी पुढची जागा धरायचो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. तारापूरचे कारखाने वाढत होते, बोईसरला चाळी उठत होत्या आणि प्रत्येक चाळीत एक तरी बँजो पार्टी नाहीतर ऑर्केस्ट्रा होता. सगळे सिनेमाची गाणी वाजवायचे. कोण कुठल्या गायकासारखा हुबेहूब गातो यावर त्यांची किंमत ठरायची. दादाची पार्टी एवढ्यासाठीच वेगळी होती की तिची गाणी तिची स्वतःची होती. ती सगळी एकाच माणसाने केलेली. तो पालघरजवळच्या माहीमचा, वाडीवाल्या घरातला. घरी पानवेली होत्या, पण भाऊ बरेच, म्हणून तो तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला होता. दादाही त्याच कारखान्यात, पण स्टोअरला. या गाणी करणाऱ्याच्या टाचा मात्र रंगाने कायम पिवळ्या असायच्या, कितीही घासल्या तरी. मी त्याला भाऊ म्हणायचे आणि तो मला बाय.

भाऊला लिहून ठेवायची सवय नव्हती. पाळीवर काम करता करता गाणं करायचा आणि रविवारी आमच्या पडवीत येऊन दादाला गाऊन दाखवायचा. दादा ऑर्गनवर सूर शोधायचा, सापडला की भाऊ मान हलवायचा. गाणी त्याच्या घरच्या बोलीतली. बसमध्ये उभ्याने झोपणाऱ्या माणसाचं एक होतं, एक विहिरीच्या पाण्याला आलेल्या वासाचं. सगळ्यांत गाजलं ते कारखान्याच्या भोंग्याचं. 'पयला भोंगा वाजला न् भाकर रायली चुलीवं', अशी त्याची सुरुवात. त्यात एके ठिकाणी भाऊ भोंग्याचा सूर धरायचा आणि तो इतका लांब आणि वर न्यायचा की ऐकणाऱ्याचाही श्वास अडकायचा. बोईसरला उत्तरेकडचे कामगार गणपतीत समोर बसलेले असायचे. त्यांना शब्द कळत नसत, तरी ते ओरडायचे, "अरे, वो भोंगेवाला सुनाओ." दोन वर्षांत पार्टीला पालघर, केळवे, डहाणूकडून बोलावणी यायला लागली.

मग कारखान्यात एका पाइपचा जोड सुटला आणि विषारी वायू बाहेर आला. भाऊ खालीच होता. आणखी दोघं होते, ते त्या आठवड्यात गेले. भाऊ वाचला, पण घसा आतून भाजला होता. दादाबरोबर मी दवाखान्यात गेले, तेव्हा भाऊच्या नाकात नळी होती. दादाने डॉक्टरांना बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला तो हा, की गणपतीपर्यंत गाता येईल का? डॉक्टर म्हणाले, याला बोलूही देऊ नका. खूप महिने गप्प राहिला तर थोडाफार आवाज परत येईल, ओरडला तर कायमचा जाईल.

गणपतीला दादाने पालघरचा एक पोरगेला गायक आणला. भाऊचीच गाणी तो स्वच्छ, गोड आवाजात गायचा. भोंग्याच्या जागी त्याचा श्वास पुरत नसे, म्हणून दादाने तिथे ऑर्गन घातला. लोकांना फरक कळला असं मला तरी दिसलं नाही. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

भाऊला कारखान्याने फाटकावर बसवलं होतं. वर्षभराने त्याला बोलता यायला लागलं, पण आवाज दुभंगलेला. बोलता बोलता मध्येच तो पिपाणीसारखा वर चढायचा आणि लगेच खाली खरखरायचा. तरी तो प्रत्येक कार्यक्रमाला यायचा, वायरी जोडायचा, माईक तपासायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तुम्ही घरी आराम का करत नाही? तो म्हणाला, "घरी बसून काय करू, बाय? इथं स्टेजवर चढाला तरी मिळते."

एका कारखान्याचं संमेलन होतं, रविवारी दुपारी. नवा गायक वेळेवर आला नाही. समोर माणसं आपली बायकापोरं घेऊन बसलेली, पत्र्याखाली उकडत होतं, शिट्ट्या सुरू झाल्या. दादाने भाऊला सांगितलं, दोन शब्द बोल, वेळ काढ. भाऊ माईकपाशी गेला आणि काय झालं कोण जाणे, त्याने बोलायच्या ऐवजी भोंग्याचं गाणं धरलं. पहिल्या ओळीलाच आवाज फुटला. तो थांबला नाही. भोंग्याच्या सुराला तर आवाज इतका वेडावाकडा झाला की आधी एक पोर हसलं, मग त्याचा बाप, मग सगळा मंडप. त्यांना वाटलं, हा नकलेचा कार्यक्रम आहे. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत हसत होती आणि मला म्हणत होती, "काय मस्त काढतो गो आवाज!" वन्स मोअर मिळाला. भाऊ तिथे उभा होता, हात खाली सोडून. दादा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो लोकांकडे बघत होता.

पुढच्या पत्रकावर नाव आलं, 'फुटका भोंगा'. दादाने ढगळ कोट आणला, लाल टाय आणला. आमच्या पडवीत बसून त्याने भाऊला समजावलं की लोकांना आवडतं आहे तर लाज कसली, हीसुद्धा कलाच आहे, आणि नाहीतरी तुझ्या त्या आवाजाचं तू दुसरं काय करणार आहेस. भाऊने कोट घालून बघितला. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. आई आतून चहा घेऊन आली आणि त्याला त्या वेशात बघून परत आत गेली.

चारेक वर्षं तो हे करत राहिला. फाटकावरून कारखान्याने त्याला काढलं, मग तर उत्पन्न हेच उरलं. तो काम चोख करायचा, हे म्हणायलाच हवं. कुठे आवाज फुटू द्यायचा, कुठे थांबून लोकांकडे भाबडेपणाने बघायचं, सगळं त्याने बसवलं. बोईसरच्या रस्त्याने तो चालला की पोरं मागून भोंगा वाजवायची. मधल्या काळात नवी गाणीही त्याने दादाला दिली. घसा ठीक असेल त्या दिवशी चाल गुणगुणायचा, दादा ऑर्गनवर धरायचा आणि पालघरचा गायक गायचा.

मग एक गोष्ट झाली. ती फक्त मला आणि त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, माहीत होती. पावसाळ्यात कार्यक्रम नसत. त्या पावसाळ्यात भाऊ जवळजवळ गप्प राहिला आणि मुंबईच्या घशाच्या डॉक्टरांचं औषध घेत राहिला. एके दिवशी आमच्याकडे आला, घरी मी एकटीच होते. म्हणाला, ऐक. आणि हळू आवाजात भोंग्याचं गाणं म्हटलं, अख्खं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, बारीक होता, पण सरळ होता. कुठेही फुटला नाही. मला रडू आलं. तो म्हणाला, "माहीमला गाईन. गावात. दादाला आधी सांगू नको."

माहीमचा कार्यक्रम दिवाळीनंतर होता, संध्याकाळचा. समोर सगळं त्याचंच गाव. त्याची आई पहिल्या रांगेत खुर्चीवर, वहिनी तिच्या बाजूला. दादाने 'फुटका भोंगा' पुकारला. भाऊ कोट न घालता आला, पांढरा सदरा घालून. डोळे मिटले आणि गायला लागला, सरळ आवाजात.

पहिलं कडवं लोकांनी ऐकून घेतलं, गंमत पुढे येईल म्हणून. दुसऱ्या कडव्याला कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "फोड रे!" मग सगळेच ओरडायला लागले, भोंगा, भोंगा. ओळखीची माणसं होती ती, त्याच्या शेजारची. भाऊने डोळे उघडले. मला वाटलं, दादा आता तरी काही करेल. दादाने ऑर्गनवर तो कर्कश वरचा सूर दाबला आणि दाबून धरला. लोक खदखदून हसले. दादा भाऊकडे बघून मान हलवत होता, चल, चल.

भाऊने आवाज फोडला. आपणहून. पूर्वी तो फुटायचा, त्या दिवशी त्याने तो जोर लावून फोडला. मानेच्या शिरा मला खालून दिसत होत्या. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. तीनदा म्हणायला लावलं. त्याची आईही हसत होती. तिला ऐकायला कमी यायचं, सगळे हसतात तर तीही हसत होती. वहिनी उठून निघून गेली.

त्यानंतर भाऊचा आवाज उरलाच नाही. नुसती हवा यायची. पार्टीत तो फारतर दोन-तीनदा आला, पण फुटायलाही आवाज लागतो. दादाने त्याला येऊ नको म्हणून कधी सांगितलं नाही. त्याला आणायला टेम्पो माहीमला पाठवायचं बंद केलं, एवढंच.

नव्वदच्या सुमारास मुंबईच्या एका कंपनीने पार्टीची कॅसेट काढली. भोंग्याचं गाणं पहिलं होतं, पालघरच्या गायकाच्या आवाजात. शेवटी विनोदी भोंगाही होता, तो कुणा नकलाकाराने केलेला. वेष्टनावर गाण्यांच्या खाली छापलं होतं, 'पारंपरिक'. मी दादाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, कंपनीने छापलंय, आणि नाव घातलं असतं तर कागदपत्रं करावी लागली असती. कॅसेट चालली. बोईसरच्या पानटपऱ्यांवर, हळदीत, बसमध्ये, सगळीकडे. कंपनीने दुसरी मागितली.

दुसरीसाठी दादाकडे गाणी नव्हती. पडवीत बसून स्वतः करायला गेला, पण दोन ओळींपुढे त्याला जात नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी तो मला म्हणाला, तू चल माझ्याबरोबर, तुझं तो ऐकतो. आम्ही छोटा ऑर्गन घेऊन माहीमला गेलो.

भाऊ ओट्यावर वाडीतल्या पानांच्या जुड्या लावत बसला होता. दादाने घसा खाकरून विचारलं, नवं काही केलंस का? भाऊने मान डोलावली. पुष्कळ, असा हात केला. दादाच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मला त्याची लाज वाटली. त्याने ओट्यावर ऑर्गन मांडला आणि म्हणाला, दे.

भाऊ दादाच्या कानाशी वाकला आणि म्हणायला लागला. शब्द कळत होते. चाल कळत नव्हती. नुसती हवा, तिला वर-खाली नाही. दादा एकेक पट्टी दाबून विचारत होता, हा? भाऊ मान हलवायचा, नाही. हा? नाही. दुपारचं जेवण झालं, परत बसले. त्याला खरंच दाखवता येत नव्हतं, की दादाला बरोबर सापडलेला सूरही तो नाकारत होता, हे मला कळलं नाही. तो शांत होता, रागावलेला दिसत नव्हता. दादाचा सदरा पाठीला चिकटला होता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा दादा वहिनीकडे वळला. तुम्ही तर रोज ऐकता, म्हणाला, तुम्हाला येत असतील चाली. मला नुसत्या गुणगुणून दाखवा, वहिनी, हात जोडतो.

वहिनी सुपारी कातरत होती. तिने दादाकडे बघितलंही नाही.

"मना गाता नाय येत," ती म्हणाली.

गेल्याच लगनसराईत, त्याच आळीतल्या एका हळदीत मी तिला गाताना ऐकलं होतं. सगळ्या बायका तिच्या मागून म्हणत होत्या, आणि त्यातलं एकही गाणं मी पूर्वी कुठे ऐकलेलं नव्हतं, तरी घडण भाऊचीच होती. मी दादाला काही सांगितलं नाही. ऑर्गनची पिशवी उचलली आणि म्हटलं, शेवटची गाडी चुकेल. भाऊ आम्हाला सोडायला वाडीच्या फाटकापर्यंत आला आणि माझ्या हातात पानांची एक जुडी ठेवून परत गेला.