दादाला विचारा

आईचा नियम होता, दादाला विचारल्याशिवाय घरात साधी तापाची गोळीसुद्धा कुणी घ्यायची नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा, पुण्यातला डॉक्टर. नायट्यांचा आणि मुरुमांचा डॉक्टर, एवढं मात्र आई कुणाला सांगत नसे. बाबांची बँकेतली बदली आम्हाला जयपूरला घेऊन आली, तेव्हा नियमही सामानाबरोबर आला. इथल्या डॉक्टरने काहीही लिहून दिलं की आधी ते फोनवर पुण्याला ऐकवायचं. मामा "चालेल" म्हणाला की मगच ते आईच्या घशाखाली उतरायचं. हा माणूस तेव्हाही माझ्या डोक्यात जायचा.

एका सकाळी आई वेळेवर उठली नाही. उठवायला गेले तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. ती माझ्याकडे बघत होती, पण एक शब्द फुटत नव्हता. हे झोपेत नेमकं कधी झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या काही तासांतच चालणारं, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिला देता येईना.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्याने शिरेतून डाय देऊन मेंदूचा स्कॅन काढला, फिल्म दिव्यावर लावली आणि तिच्यावर अंगठा टेकवला. "इतना हिस्सा गया." मग तिथेच अख्खा तळवा ठेवला. "और इतना भूखा है, मरा नहीं. जांघ से नली डालकर क्लॉट खींच लूँ तो बोलना बच सकता है. सबमें नहीं करते, इनमें करने लायक है. लेकिन अभी."

बाबांच्या हातात पेन होतं. "एक फोन करून घेतो," ते म्हणाले.

मामा म्हणाला, "सही करू नका. तिकडे लोकांवर प्रयोग करतात. फिल्म पाठवा, मी इथे कुणाला तरी दाखवतो."

मी बाबांशी भांडले. ते म्हणाले, "तिला बोलता आलं असतं तर तीही हेच म्हणाली असती." हे खरं होतं, म्हणून मला जास्तच संताप आला.

फिल्म घेऊन मी रिक्षाने सोडाला भागातल्या सायबर कॅफेत गेले. स्कॅनरवर ती नुसती काळी उमटत होती. "दीदी, इसमें तो कुछ आ ही नहीं रहा," तिथला भैया म्हणाला. शेवटी फिल्म काचेच्या दाराला धरली, त्याने कॅमेऱ्यातून फोटो काढले आणि ते ईमेलने गेले. मामा तोवर पेशंट तपासत बसला होता. आपली बहीण मरत असताना कुणाची तरी खाज बघत होता.

दुपार कलल्यावर त्याचा फोन आला. "करून टाका."

डॉक्टरने पुन्हा स्कॅन काढला. नव्या फिल्मवर त्याच जागी तळवा ठेवला. "यह भी गया. अब खोलूँगा तो सिर्फ़ खून बहेगा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

काही आठवड्यांनी आईला शब्द आले. दोनच. तहान लागली, "दादाला विचारा." कूस बदलायची असली, "दादाला विचारा." हवा तो शब्द येत नाही हे तिला कळायचं. मग ती डाव्या हाताने गादी बडवून रडायची.

भाऊबीजेला मामा आला. ताट मीच धरलं, आईच्या डाव्या हाताला ते पेलत नव्हतं. मामा पाटावर बसला, आईकडे बघून म्हणाला, "बोल ना गं काहीतरी."

आईने खूप जोर लावला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. "दादाला विचारा."

मामाचे डोळे भरून आले. बाबांकडे वळून म्हणाला, "बघा, अजून सगळा भरवसा माझ्यावरच आहे."

मी निरांजन फुंकून विझवलं आणि ताट आत नेऊन ठेवलं.