शंभर वर्षं बाहेर

"तू वयर ये गो. तुजी आवस थंयच रवांदे."

देवळाच्या सभामंडपातून मानकरी बोलले. माझा सत्कार होता, वाडीतली पहिली एम.ए. म्हणून. आमच्या वाडीची माणसं देवळाची पायरी चढत नाहीत. रीत. त्या दिवशी सवलत मिळाली, ती मला एकटीला. आई नवं लुगडं नेसून पायरीखाली उभी होती. मजुरीवर काजू सोलून चिकाने काळी पडलेली बोटं पदरात लपवून. त्याच बोटांनी मला शिकवलं होतं.

मी आत गेले.

शाल घेतली. टाळ्या घेतल्या. खाली आईला प्रसादाचं खोबरं मिळालं, हात लागू नये म्हणून वरून टाकलेलं. तिने ते पदरात झेललं. घरी येताना ती खुशीत होती. मला माझीच लाज वाटत होती, आणि सांगायला कोणी नव्हतं.

आता मी कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिमेकडचं वायोमिंग शिकवत होते. ते राज्य होण्याआधीच, १८६९ साली, तिथे बायकांना मताचा हक्क मिळाला. पुढे राज्य म्हणून अमेरिकेत सामील व्हायची वेळ आली, तेव्हा अमेरिकेच्या संसदेतले काही पुढारी आडवे आले. बायकांचा हक्क काढा, मग या. वायोमिंगच्या लोकांनी कळवलं म्हणतात, शंभर वर्षं बाहेर राहू, पण बायकांना सोडून आत येणार नाही. ते काही संत नव्हते. तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारलं होतं? तेही मी शिकवते. पण ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडू हातातच राहिला. ती माणसं अडून बसली. मी एका शालीसाठी आईला खाली सोडलं होतं.

यंदा जत्रेला पुन्हा बोलावणं आलं. प्रमुख पाहुणी! तेच मानकरी आले, अंगणातच उभे राहिले.

"आवशीक घेवन येतलंय. वयर. चलात?" मी विचारलं.

ते हसले. "रीत ती रीत. तुका मान दिलो, ता कमी आसा?"

"मगे माका नको."

आई भडकली. "माज्यापायी मान सोडलंस?" तीन दिवस बोलली नाही. वाडी म्हणाली, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? जत्रेच्या दिवशी सगळे तिकडे गेले, आईसुद्धा. पायरीखाली उभी राहायला. मी ढोल ऐकत ओट्यावर बसले. फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी सत्काराची शाल घडी करून देवळाच्या पायरीवर ठेवून आले. आई साठीची आहे. शंभर वर्षं तिच्याकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. पण त्या पायरीवर आधी आईचं पाऊल पडेल. तोवर मी बाहेर.