गेटवरची वही

कंपनीच्या गेटवर वॉचमनकाकांनी वही पुढे सरकवली. नाव, आत जायची वेळ, काम, बाहेर पडायची वेळ. कामाच्या रकान्यात सगळ्यात वर कुणीतरी ‘मुलाखत’ लिहिलं होतं आणि त्याखाली पानभर प्रत्येकाने नुसत्या दोन बारीक रेघा ओढल्या होत्या. म्हणजे वरच्यासारखंच. मीही ओढल्या.

डेटा ॲनालिटिक्सच्या क्लासमध्ये सर सांगायचे, माहितीकडे नीट बघा, ती बोलते. ते पान तेव्हाही बोलत असणार, मीच ऐकलं नाही. आम्ही सगळे तसल्याच क्लासमधून बाहेर पडलेले, प्रत्येकाच्या बायोडेटात तोच एक प्रोजेक्ट. घरी आईला वाटतं, आपली मुलगी चारचौघींत उठून दिसते. वहीत ती दोन रेघा असते.

आत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी एका बाईंनी माझा बायोडेटा चाळला. “अनुभव किती?”

“जाहिरातीत फ्रेशर म्हटलं होतं.”

“हो, फ्रेशरच. पण दोन वर्षांचा अनुभव हवा.”

त्या हसल्यासुद्धा नाहीत. पहिली नोकरी हवी तर आधी कुठेतरी नोकरी केलेली असावी, हे त्यांना अगदी सरळ वाटत होतं.

परत गेटवर आले, वेळ लिहायला वाकले, तर माझ्या नावापुढचा शेवटचा रकाना आधीच भरलेला. अकरा वीस.

“काका, हे कधी लिहिलंत?”

“तुम्ही आत गेलात तेव्हाच, ताई. मुलाखतवाल्यांना रोज तेवढाच वेळ लागतो.”

मी घड्याळ बघितलं. अकरा वीसच झाले होते. माहितीवरून अंदाज बांधायचं, आत मला नाकारलेलं काम काका गेटवर बसून करत होते, आणि त्यांच्याकडे अनुभव होता.