अकरा नंबरचे मागचे पाटे

मामी नक्की कुणाची मामी, हे आमच्या वर्कशॉपमध्ये आता कुणालाच धड सांगता येत नाही. तिचा एक भाचा म्हणे इथे वेल्डर होता. तो केव्हाच सोडून गेला आणि मामी सगळ्यांची झाली. वय बावन्न, अंगाने काटकुळी, आणि एकदा गाडीखाली शिरली की दोन तास बाहेर न येणारी. आमचा डेपो माल पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांचा. मी तिथलं स्टोअर सांभाळतो. म्हणजे खिडकीआड बसून पार्ट देतो आणि सही घेतो.

मामीला किळस फार. हात तीनदा धुतल्याशिवाय ती डबा उघडत नसे. दुसऱ्याच्या कपाला तोंड लावणं तर सोडाच, त्या कपाकडे बघतही नसे. तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, “हिला नर्स व्हायचं होतं, पण माणसांची किळस आली म्हणून गाड्यांकडे वळली.” ग्रीस, चिखल, काळं तेल यांचं मात्र तिला काही वाटत नसे. ती कामाची घाण, असं तिचं म्हणणं.

अकरा नंबरची गाडी हॉटेलांना मासे आणि मटण पोचवायची. तिच्यावरच्या ड्रायव्हरला आम्ही कुरकुऱ्या म्हणायचो. कुरकुर नक्की गाडीची की त्याची, हा आमचा रोजचा विनोद. तीन महिने तो एकच गाऱ्हाणं सांगत होता: गाडी मागून डावीकडे बसलीय, जरा खड्डा आला की पाठीत कुणी हातोडा घातल्यासारखं होतं. आमचे सुपरवायझर, ज्यांना पाठीमागे सगळे लवकर-साहेब म्हणायचे कारण ‘लवकर आटपा’शिवाय त्यांच्या तोंडून दुसरं काही निघत नसे, त्यांनी त्याला कॉम्प्युटर दाखवला.

“हे बघ. मागचे पाटे, बुश, शॉकअप, सगळं चार महिन्यांपूर्वी नवं टाकलंय. जुनी झालीय ती तुझी पाठ.”

आम्ही पोट धरून हसलो. मामीही हसली. “घरी जा आणि बायकोकडून शेकून घे,” असंही म्हणाली.

मग एका बुधवारी सकाळची फेरी संपवून कुरकुऱ्या परत आला आणि त्याला सीटवरून उतरताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला खाली घेतलं. तो घामाने निथळत होता. बाकावर आडवा होताना मामीकडे बघून एवढंच म्हणाला, “मामी, मी नाटक करत नाही हो.”

मामीने किल्ली घेतली आणि गाडी आत आणली.

विजेच्या गाडीचं काम म्हणजे आधी वीज तोडायची. तिने मेन प्लग काढून स्वतःच्या खिशात टाकला, दहा मिनिटं थांबली, मीटर लावून खात्री केली. मग गाडी उचलली. या गाड्यांच्या पोटाशी बॅटरीची पेटी असते, तिला जॅक लावून चालत नाही. मामीने चौकटीखाली चार घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली आणि मागच्या बाजूचं खालचं झाकण उघडलं.

वास आधी माझ्या खिडकीपर्यंत आला, मग आरडाओरडा. मागच्या डब्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी कधीतरी तुटली होती. माशांचं पाणी, रक्त, वितळलेला बर्फ, सगळं महिनोन्‌महिने डाव्या पाट्यांवर ठिबकत होतं. पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा मागचा सगळा भार त्यांच्यावर. त्या पट्ट्यांच्या फटीत करडा, चिकट थर साचला होता आणि त्या थरात अळ्या वळवळत होत्या. झाकणावर उंदरांनी चिंध्यांचं घर केलं होतं. घरात एक उंदीर होता, तोही बऱ्याच दिवसांपूर्वी मेलेला. झाकण निसटलं आणि ते सगळं मामीच्या खांद्यावर पडलं.

बाकीचे दाराबाहेर पळाले. मामी बेसिनपाशी गेली आणि सकाळपासूनचं सगळं ओकली. एक जण म्हणाला, “मामी, धुणाऱ्यांना बोलावू, तुम्ही जा घरी.” तिने मानेनेच नाही म्हटलं. तोंड धुतलं, डोक्याला फडकं बांधलं, हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले आणि परत गाडीखाली गेली. खरवडून, गरम पाणी मारून, तासाभरात तिने लोखंड उघडं केलं.

आम्ही वाट बघत होतो की आता शिव्या ऐकू येतील. एकही आली नाही.

डाव्या पाट्यांची सर्वांत वरची पट्टी आरपार तडकली होती. तडा नवा नव्हता. त्याच्यात कुणीतरी लांबी भरून वरून काळा रंग मारला होता. पाट्यांच्या टोकांना बसणाऱ्या रबरी बुशच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते. शॉकअप जुनाच, तेल गाळणारा, त्यालाही तोच काळा रंग. तुटक्या पट्टीचं टोक बाजूला सरकून मोटरकडे जाणाऱ्या जाड केशरी केबलला घासत होतं. वरचं आवरण गेलं होतं, आतलंही निम्मं झिजलं होतं.

मामीने साहेबांना बोलावलं. साहेब नाकाला रुमाल लावून आले, वाकले, आणि पटकन सरळ झाले.

“बरं झालं धुतलंत. आता ग्रीस मारा आणि लवकर बंद करा. संध्याकाळच्या फेरीला गाडी लागेल.”

“हे नवे पाटे आहेत का साहेब?”

“नोंद बघा ना. आणि मामी, जरा जपून बोला. नोंदीत काम करणाऱ्याचं नाव तुमचंच आहे.”

मामीने तशीच ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर उघडला. नाव तिचंच होतं. तारखेवर तिने बोट ठेवलं. त्या आठवड्यात ती लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती.

ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात गाडीखालून सोडवून आणलेली ती तडकलेली पट्टी होती. ती तिने माझ्या उघड्या रजिस्टरवर आडवी ठेवली. कडेने अजून करडं पाणी गळत होतं.

“त्या दिवशी नवे पाटे स्टोअरमधून गेलेत. कुणाला दिलेस?”

मला ठाऊक होतं. त्या दिवशी साहेब स्वतः आले होते. पेटी त्यांनी त्यांच्या मेव्हण्याच्या टेम्पोत ठेवायला लावली होती. मेव्हण्याचं गॅरेज आहे. सही मात्र ‘अकरा नंबरसाठी’ म्हणून केली. मी पेटी उचलून दिली होती, वर ‘सांभाळून न्या’ असंही म्हणालो होतो. साहेबांशी वाकडं कशाला घ्या, असा माझा हिशेब. आणि त्यानंतर तीन महिने कुरकुऱ्याला हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

मी पुटपुटत का होईना, सगळं सांगितलं.

मामीने माझ्याकडे बघितलं. मघाशी त्या अळ्यांकडे बघताना तिचा चेहरा जसा झाला होता तसाच झाला.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “तो रोज या खिडकीसमोरून कमरेवर हात ठेवून जायचा. आणि तुला माहीत होतं.”

“मामी, माझ्या हातात काय होतं?”

“पेटी होती ना हातात!” असं म्हणून ती वळली. पट्टी तिथेच राहिली. ते रजिस्टर चौकशी संपल्यावर मला टाकूनच द्यावं लागलं, वास जाईना.

तिने फोटो काढले, तारखा लिहिल्या आणि सगळं वरच्या ऑफिसला पाठवलं. माझं म्हणणंही लिहून घेतलं, खाली सही घेतली. साहेब तिच्याभोवती घुटमळत होते. आधी दरडावून झालं, मग गोड बोलून. “आपण घरचीच माणसं, मामी.” मामी म्हणाली, “साहेब, लांब उभे राहा. मला मळमळतंय.” हे तिने इतक्या सरळ आवाजात सांगितलं की साहेब खरंच दोन पावलं मागे सरकले.

मग ती कुरकुऱ्याकडे गेली. तो अजून बाकावर पडून दवाखान्यात न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघत होता. मामी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

“पाटा तुटलेला होता रे. पहिल्या दिवसापासून. मी एकदाही खाली वाकून बघितलं नाही. हसले वर.”

तो छताकडे बघत म्हणाला, “सगळेच हसत होते.”

“सगळे मेकॅनिक नाहीत,” मामी म्हणाली.

नवे पार्ट दोन दिवसांनी आले. पेटी तिने स्वतः फोडली. पाटे दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकच बदलला तर गाडी तिरकी चालते. नवे बुश, नवे शॉकअप, नवे यू-बोल्ट, केबलही नवी, पाण्याची नळीही नवी. बुशचे बोल्ट तिने गाडी उचललेली असताना नुसते अडकवले आणि चाकं जमिनीला टेकल्यावर, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर कसले. हवेत कसले तर बुश पिळवटतो आणि वर्षभरात फाटतो. हे ती नेहमी सांगायची. पोती भरून गाडी रस्त्यावर नेली, गतिरोधकांवरून मुद्दाम जोरात काढली, परत आणून प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. आधीच्या खोट्या नोंदीतून तिचं नाव निघेपर्यंत या कामाच्या कागदावर मात्र तिने सही केली नाही. गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली.

साहेबांना काढून टाकतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांची फक्त बदली झाली, दुसऱ्या डेपोत, त्याच पदावर. मामीला हे कळलं तेव्हा ती जेवत होती. तिने डब्याचं झाकण लावलं. कुरकुऱ्याच्या मणक्यातली चकती सरकली होती. त्याला आता गाडी चालवता येत नाही. गेटपाशी गाड्यांच्या वेळा लिहितो, तेही अर्धा वेळ उभ्याने. त्याला त्या नावाने आता कुणी हाक मारत नाही. मला लेखी ताकीद मिळाली.

मामी माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. पार्टचं नाव, नग, सही.

नवीन आलेल्या सुपरवायझर बाईंनी गेल्या महिन्यात मला विचारलं की स्टोअरला दुसरा माणूस बघायचा का. मी म्हटलं, मामींना विचारा. बाईंनी माझ्यासमोरच तिला विचारलं. मामी हात धूत होती, साबण चोळता चोळता विचार केल्यासारखं करून म्हणाली, “राहू दे त्याला. विचारल्यावर खरं तरी सांगतो. पण विचारावं लागतं.”

हे माझ्या बाजूने होतं की माझ्या विरुद्ध, मला अजून कळलेलं नाही. मी राहिलो.