यारीची लाल पिन

गोरेगावच्या भिवाजीला सगळे ‘हवाई भिवाजी’ म्हणत, आणि बिचाऱ्याने उभ्या जन्मात विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. सैन्याच्या हेलिकॉप्टरांच्या तळावर तो रंगारी होता. आयुष्य संपलेल्या पिना, दांडे, चकत्या त्याच्यापुढे येत. त्यांना लाल रंग फासायचा, म्हणजे चुकूनही कुणी ते परत बसवू नयेत. माल मात्र कल्हई केल्यासारखा लखलखीत. एकदा न राहवून त्याने साहेबाला विचारलं, “साहेब, चांगल्या मालाची माती काहून?”

साहेब म्हणाला, “मोडलेल्याला रंग कशाला? तो दिसतोच. आतून थकलेला दिसत नाही, म्हणून त्याला रंग.”

भिवाजीला ते तेव्हा अर्धवटच पटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात नोकरी संपवून तो घरी आला. बायको पंचफुला गावच्या नव्या विहिरीवर दगड उपसायला जात होती. तिची भाकरी घेऊन तो तिथे गेला आणि काठावरच थबकला. बायांना आणि दगडांना टोपल्यातून वर-खाली करणाऱ्या यारीचं चाक एका लाल पिनेवर फिरत होतं. ठेकेदार उकंडरावाने ती लिलावाच्या भंगारातून आणलेली. लाल रंगाला बायांनी शेंदूर मानलं होतं. रोज सकाळी पिनेला हळद-कुंकू लावून, हात जोडूनच त्या टोपल्यात बसत.

“उकंडराव, ही पिन काढा,” भिवाजी म्हणाला. “असा रंग मीच देत होतो. ही मेलेली हाय.”

“मेलेली? महिना झाला दगूड उचलून राहिली! तुमी देव सोडले, म्हून तुमाला शेंदराचं वावडं.”

बाया फिदीफिदी हसल्या. पंचफुला हसली नाही, पण घरी येऊन म्हणाली, “आवं, काम बंद पडलं तर लेकरं काय माती खातील?”

खरं होतं तिचं. तरी भिवाजीच्या डोळ्यांपुढून ते टोपलं हलेना. दुसऱ्या दिवशी सगळे वर भाकरी खात असताना त्याने पिन ठोकून काढली आणि जुन्या आडाच्या गाळात भिरकावली. काम थांबलं. बायांनी त्याचा उद्धार केला, पंचफुलाने अबोला धरला. पण ती जमिनीवर होती, एवढं त्याला पुरे होतं.

दोन दिवसांनी उकंडरावाने नवी पिन बसवली. स्वच्छ, चकचकीत. “घ्या, भिवाजीराव! आता तरी झालं समाधान?”

झालं की! भिवाजीचा जीव भांड्यात पडला. पंचफुलाही अबोला सोडून त्याच्याकडे पाहून हसली आणि पहिल्यांदा तीच टोपल्यात बसली. चाक कुरकुरत फिरू लागलं, टोपलं काठाखाली गेलं. भिवाजी सहज चाकाजवळ गेला. पिनेच्या टोकाला बारीक भोक होतं. भोकाच्या आत, जिथे कानस पोचत नाही तिथे, लाल रंग होता.

लाल रंग नको, एवढंच उकंडराव त्याच्या बोलण्यातून शिकला होता.

भिवाजीने हात वर करून चाक थांबवलं. वर ओढा म्हणावं तर भार त्याच पिनेवर, खाली सोडा म्हणावं तरी त्याच पिनेवर.

“थांबले काहून?” विहिरीतून पंचफुलाचा आवाज आला. “सोडा अजून. आता भ्याव न्हाई!”