पायरीवरून परत निघालेलं गिऱ्हाईक

नेवासेकर मंडळी, बोलतेय मी आणि टाइप करतेय माझी नात स्वाती. तिच्याविषयी काही वाकडं आलं की गाळते, म्हणून शेवटी तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेणार आहे.

स्वातीनं पुण्याची नोकरी सोडून इथं छोट्या धंद्यांना सल्ला द्यायचं ऑफिस काढलं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर परत पुणं. दाराशी खडूनं लिहिलेल्या बोर्डावर किराण्यापासून हॉटेलापर्यंत सगळे धंदे. मला वाचून दाखवेपर्यंत चहा गार झाला.

आज सकाळी एक बाई आली. तिच्या घरी शेवयांचं मशीन आहे, उन्हाळा सरला की झाकून ठेवते. बोर्ड वाचून पायरीवरच थांबली. "हे मोठ्यांचं दिसतंय, आमचं न्हाई," म्हणत वळली.

आत बसले होते, मीच हाक मारली, "अगं ये, तुझ्यासाठीच बसलीय ही!" मग दोघी दुपारपर्यंत बोलत होत्या. किती दिवसांनी पोरीचा चेहरा फुललेला पाहिला.

बाई गेल्यावर स्वातीला म्हटलं, "बोर्ड पूस. घरी गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन चालवणाऱ्या बायांसाठी, एवढंच लिही."

"आजी, बाकीची गिऱ्हाईकं जातील ना!"

"जायला आधी यावी लागत्यात, बाई."

बोर्ड पुसलाय. नवा लिहायला तिचा हात धजत नाही आणि माझाही पाय एका जागी ठरत नाही. माझंच चुकलं तर नात जायची.

बायांनो, तुमच्यात मशीनवाल्या कोण कोण आहात? खाली लिहा. मला वाचता येत नाही, पण किती जणींनी लिहिलं ते हिच्या तोंडावरून कळेल.